फासा पडेपर्यंत राज्य जीएमचं: रोलप्लेइंग गेम पहिल्यांदा चालवणाऱ्यांसाठी

लपाछपीत ज्याच्यावर राज्य येतं तो राजा नसतो. भिंतीकडे तोंड करून आकडे त्यानेच मोजायचे, वाडाभर त्यानेच पळायचं आणि पाठीत धप्पाही त्यानेच खायचा. टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून, पात्रं वठवत, बोलून गोष्ट पुढे नेण्याच्या खेळात, गेम मास्टर, म्हणजे जीएम होणं हे असंच राज्य घेणं आहे. बाकीचे चार जण एकेक पात्र घेऊन बसतात. उरलेलं सगळं जग, त्यातली माणसं, दारं, पहारेकरी, पाऊस, तुमच्या अंगावर. पहिल्यांदा जीएम होणाऱ्याला त्यामुळे एक प्रश्न पडतोच: माझा शब्द किती चालतो? समोरच्याला एखादी गोष्ट जमली की नाही, हे ठरवणारी मी कोण?

गेली काही वर्षं पुण्यात घरच्या घरी हे खेळ चालवून माझं उत्तर पक्कं झालं आहे. फासा हातातून सुटेपर्यंत जीएमचा शब्द चालतो. फासा पडला की फाशाचा. हे प्रत्यक्षात कसं पाळायचं ते पायरीपायरीने सांगते.

आधी जमवाजमव

तीन ते पाच खेळाडू आणि एक जीएम पुरे. सहाव्याला प्रेमाने पुढच्या वेळी बोलवा, कारण पाळी यायला उशीर झाला की लोक मोबाइल काढतात. नियमांसाठी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची पाचवी आवृत्ती घ्या. तिचे मूळ नियम फुकट उतरवून घेता येतात आणि २०२३ पासून त्यांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे. नियम इंग्रजीत आहेत, खेळायचं मात्र मराठीत. पहिल्या दिवशी पात्रं बनवत बसू नका, तयार पात्रं वाटा.

फाशांचा सेट सातचा येतो, पण सुरुवातीला खरं काम वीस बाजूंच्या फाशाचं, ज्याला सगळे डी-ट्वेंटी म्हणतात. तो नसेल तर १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या करून वाटीत टाका आणि उचललेली चिठ्ठी दर वेळी परत टाका. काचेच्या टीपॉयवर फासे टाकू नका, खाली जुन्या टॉवेलची घडी घाला. दुपारी एक ते चार आमच्या सोसायटीत आवाज चालत नाही, म्हणून आम्ही रविवारी सकाळी पोहे खाऊन दहाला बसतो आणि एकच्या आत उठतो. पहिल्या खेळाला तीन तास भरपूर झाले.

गोष्टीसाठी परदेशी किल्ले उसने आणायची गरज नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणणारा भुयारी नळ बांधला गेला. तो शनिवारवाड्यापर्यंत यायचा, वाटेत पेठांमधले हौद भरायचा. जागोजागी त्याला उच्छ्वास आहेत, म्हणजे जमिनीवर उघडणारी विहिरीसारखी उभी तोंडं. माझ्या वन-शॉटची, म्हणजे एका बैठकीत संपणाऱ्या खेळाची, गोष्ट एवढीच: रात्री वाड्यात शिरायचं, हजारी कारंजाजवळ दडवलेलं एक पत्र काढायचं आणि उजाडायच्या आत बाहेर पडायचं. आत कसं शिरायचं ते खेळाडू ठरवतात. खालची उदाहरणं याच गोष्टीतली आहेत.

कोणाचं काय, ते बसल्याबसल्या ठरवा

पहिली वीस मिनिटं यासाठी ठेवा. पात्र काय करतं, काय बोलतं, त्याच्या मनात काय चाललंय, हे खेळाडूचं. बाकीचं जग जीएमचं. एखादी गोष्ट जमेल की फसेल याची खरोखर शंका असेल, तर तो निकाल फाशाचा. कुठला विषय नको, हेही याच वेळी विचारून घ्या. कोणाला लहान मुलांवरचे अत्याचार नको असतात, कोणाला साप. कारण विचारू नका, फक्त कागदावर लिहा आणि पाळा.

जीएमने पहिल्या भागात घुसायचं नसतं, आणि नेमकी तिथेच चूक होते. ‘तुला भीती वाटते’, ‘तुझा त्याच्यावर विश्वास बसतो’ असं म्हटलंत की खेळाडूचं पात्र तुम्ही काढून घेतलंत. त्याऐवजी म्हणा, ‘नळातून गार वारा येतोय, मशाल फडफडून विझायला आली आहे.’ भ्यायचं की नाही ते तिचं ती बघेल.

‘करू का?’ आणि ‘जमेल का?’

मराठीत खेळताना पहिल्या पाच मिनिटांत हे ऐकू येतं: ‘मी दोर सोडू का?’ ‘मी दाराला कान लावू का?’ ही शाळेतली सवय आहे. बाई, पाणी पिऊन येऊ का? तुम्ही दर वेळी ‘हो, लाव’ म्हणत गेलात की नकळत तुम्ही बाई होता आणि समोरचे विद्यार्थी. मग कोणी धाडस करत नाही, सगळे परवानगीची वाट बघतात. माझं उत्तर ठरलेलं असतं: ‘विचारू नकोस, काय करतेस ते सांग.’ दोन-तीनदा सांगितलं की ‘सोडू का’चं ‘सोडते’ होतं, आणि टेबलावरची हवाच बदलते. हा बदल कानांनी टिपता येतो.

‘जमेल का?’ हा मात्र वेगळा प्रश्न आहे. ‘इथून खाली उतरणं जमेल का?’ यात परवानगी मागितलेली नाही, जगाची माहिती मागितली आहे. त्याचं उत्तर हात न आखडता द्या. ‘नळ दोन पुरुष खाली आहे, तळाला गुडघाभर पाणी, दगड शेवाळलेले. दोर असेल तर उतरणं जमेल. आवाज न होऊ देता उतरणं अवघड.’ पात्राच्या डोळ्यांना जे दिसलं असतं ते खेळाडूपासून लपवून नंतर त्याला फसवणं हा अधिकाराचा सगळ्यात वाईट वापर आहे.

यानंतर एक प्रश्न तुम्ही विचारायचा: कशासाठी? ‘मी पहारेकऱ्याशी बोलते’ एवढ्यावर फासा टाकायला लावू नका. त्याला जागेवरून हलवायचंय, की पहारा कधी बदलतो हे काढून घ्यायचंय? ते कळल्याशिवाय जमलं म्हणजे काय झालं, हे कसं सांगणार? यश कशाला म्हणायचं ते आधी खेळाडूच्या तोंडून आलं पाहिजे.

फासा मुळात टाकायचा का

नव्या जीएमला फाशाचा मोह फार. दार उघडलं, फासा. जिना चढला, फासा. आधी मनाशी तीन गोष्टी बघा: हे जमू शकतं का, फसू शकतं का, आणि फसलं तर गोष्टीत काही बदलतं का. तिन्हीला ‘हो’ असेल तरच फासा. एरवी ‘झालं’ म्हणा आणि पुढे चला.

अशक्य गोष्टीला फासा नाही. वीस पडला म्हणून पेशवे वाडा लिहून देणार नाहीत. पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या नियमांतही वीस पडला की हमखास यश, हे फक्त हल्ल्याच्या फाशाला आहे, इतर कौशल्यांना नाही. अशा वेळी फाशाआधीच स्पष्ट सांगा: ‘हे होणार नाही, पण त्याच्याकडून एखादं छोटं वचन मिळू शकतं.’ नाही म्हणायचा अधिकार तुमचा आहे, तो इथे बिनदिक्कत वापरा. फासा टाकू देऊन मग नाही म्हणणं ही फसवणूक आहे.

आणि जे कळल्याशिवाय गोष्ट पुढे सरकतच नाही ते फाशावर ठेवू नका. पत्र कारंजाजवळ आहे हे खेळाडूंना कळायलाच हवं, तर योग्य ठिकाणी शोधणाऱ्याला ते सरळ देऊन टाका. फासा टाकायचाच असेल तर ते किती लवकर आणि किती गुपचूप सापडलं यासाठी टाका.

आकडा आणि परिणाम, दोन्ही आधी सांगा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर ही पायरी ठेवा.

खेळाडू वीस बाजूंचा फासा टाकतो, त्यात पात्राच्या कौशल्याचा आकडा मिळवतो, आणि बेरीज तुम्ही ठरवलेल्या आकड्याइतकी किंवा जास्त आली तर जमलं. नियमांत हे आकडे दिले आहेत: अगदी सोप्याला ५, सोप्याला १०, मध्यमला १५, अवघडला २०, फार अवघडला २५, जवळजवळ अशक्यला ३०. आकडा मनात ठेवू नका, मोठ्याने सांगा. फसलं तर काय होईल तेही सांगा. ‘आवाज न करता उतरायला १५. फसलं तर तू खाली पोचशील, पण पाण्यात धप्पकन पडशील आणि वरचा पहारेकरी कान टवकारेल.’ मग थांबा. खेळाडूला माघार घेऊ द्या, बेत बदलू द्या, दुसऱ्याची मदत मागू द्या.

असं का? कारण अंदाज सगळ्यांचेच चुकतात. पात्राच्या हातात +३ असेल तर १५ साठी फाशावर १२ किंवा जास्त हवा. वीस बाजूंपैकी नऊ बाजू, म्हणजे ४५ टक्के. जीएम ‘मध्यम’ म्हणतो, खेळाडूला वाटतं होऊन जाईल, आणि प्रत्यक्षात ते फसण्याचीच शक्यता जास्त असते. तेच १० ला ७० टक्के आणि २० ला फक्त २० टक्के. हे कोष्टक पहिल्या काही खेळांत जवळ ठेवा.

बेत चांगला असेल तर त्याचं मोल इथेच द्यायचं. एकाने दोर धरला, दुसरीने कमरेला ओल्या धोतराची घडी बांधली, म्हणजे दगडावर घासून आवाज होणार नाही. अशा वेळी दोन फासे टाकून मोठा धरा, नियमांत याला ॲडव्हान्टेज म्हणतात. ४५ चे जवळजवळ ७० टक्के होतात. खेळाडूला कळतं की आपण डोकं चालवलं आणि त्याचा उपयोग झाला.

हे माझ्या पदरचं नाही. २०१७च्या ‘ब्लेड्स इन द डार्क’ या खेळात तर कृती कुठली ते खेळाडू ठरवतो, आणि परिस्थिती आटोक्यातली, जोखमीची की जिवावर बेतणारी आहे आणि परिणाम किती मोठा होईल, हे जीएम फाशाआधी बोलून दाखवतो, असा नियमच आहे.

एका कामाला एक फासा

नळातून चालत जायचंय. कोपऱ्यावर फासा, हौदापाशी फासा, वाड्याखाली फासा. प्रत्येक वेळी ७० टक्के असले तरी तिन्ही वेळा जमण्याची शक्यता ३४ टक्के उरते. जीएमला वाटतं आपण सोपं ठेवलंय, खरं तर त्याने दोन तृतीयांश अपयश आधीच लिहून ठेवलेलं असतं. ‘अजून एकदा टाक’ म्हणत राहिलं तर कधी ना कधी कमी दान पडणारच. पूर्ण वाटेसाठी एकच फासा टाका आणि परिस्थिती खरोखर बदलेपर्यंत तो निकाल धरून चला. हे उलटही लागू आहे: फसलं तर खेळाडूने तोच फासा पुन्हा मागायचा नाही. रडीचा डाव कोणाचाच चालू देऊ नका.

जमलं म्हणजे जमलं

माझ्या सुरुवातीच्या एका खेळातली गोष्ट सांगते. माझा मावसभाऊ ‘चिमा’ नावाचं पात्र खेळत होता. त्याने बेत केला: मशालींचं तेल आणणारी बाई म्हणून गणेश दरवाज्यातून सरळ आत जायचं. रात्रीच्या वाड्याला मशाली लागतात, मशालींना तेल लागतं, बेत पक्का होता. मी १५ सांगितले. त्याला १७ पडला, वर ५, एकूण २२.

पण मी दोन संध्याकाळी बसून कोठडीचा नकाशा काढला होता आणि मला चिमाला पकडायचं होतं. मी म्हणाले, ‘पहारेकरी तुला आत सोडतो. पण तेवढ्यात हवालदार येतो, आणि तो तुला ओळखतो.’

त्याने फासा उचलला नाही. बोटाने हळूच फिरवून १७ ची बाजू माझ्याकडे केली आणि तसाच ठेवला. भांडला नाही. पुढचे दोन तास मात्र काहीही विचारलं की एकच उत्तर: ‘तू म्हणशील ते, ताई.’ त्याच्या परीने खेळ तिथेच संपला होता. ते मला अजून लागतं.

हवालदार आणणं मुळात चूक नव्हतं. तो फाशानंतर आणणं चूक होतं. चिमाला ओळखणारा माणूस वाड्यात असेल तर ते आधी दाखवायचं: दरवाज्यातून त्याचा आवाज ऐकू येतो, पहारेकरी त्याचं नाव घेतो. म्हणजे मावसभावाने पदर तोंडावर ओढला असता किंवा दुसरा दरवाजा धरला असता. फासा पडल्यावर, मिळालेलं यश पुसून टाकणारी नवी गोष्ट जगात आणायची नाही. हा नियम मी तेव्हापासून मोडलेला नाही.

उलट यशाला थोडं वाढवून द्या. तेलवाली आत गेली, तर तिला आता दर दिव्यापाशी थांबायचं कारण आहे, म्हणजे ती अर्धा वाडा फिरू शकते. पुढे कोणी हटकलं तर तोच पहारेकरी म्हणेल, ‘मीच सोडलंय तिला.’ यातून पुढची गोष्ट आपोआप सुचते, आणि ती कोठडीपेक्षा चांगली असते.

तयारी करताना म्हणूनच जागा आणि माणसं तयार ठेवा, शेवट ठेवू नका. तमाशाच्या वगात कथानक ठरलेलं असायचं, पण संवाद उभ्याउभ्या सुचायचे, आणि सोंगाड्याने टाकलेलं वाक्य समोरच्याला उचलावंच लागायचं. ‘मला हे पाठ नाही’ म्हणून ते खाली पाडता येत नसे. कोठडीचा नकाशा फाडू नका, दुसऱ्या गोष्टीत लागेल.

फसलं तर

अपयश म्हणजे भिंत नव्हे. ‘कुलूप उघडत नाही’ म्हणून गप्प बसलात तर सगळेच अडकतात. कुलूप उघडतं पण बिजागरी कुरकुरते. किंवा उघडत नाही आणि पावलं जवळ येतात. काहीतरी हललं पाहिजे. २०१०च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ने हे नियमातच बसवलं. दोन साधे फासे टाकायचे: १० किंवा वर आलं तर पूर्ण जमलं, ७ ते ९ आलं तर जमलं पण काहीतरी मोजावं लागलं, ६ किंवा खाली आलं तर फसलं. कौशल्याचा आकडा धरला नाही तर ३६ पैकी १५ वेळा हे मधलं उत्तर येतं. पण एक सांभाळा: जिथे पूर्ण यश मिळालं आहे तिथे हे ‘पण’ चिकटवू नका. तसं केलंत की वरच्या हवालदाराचीच गोष्ट परत होते.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. खेळाडू वाईट वाटून घेतील म्हणून फासा पडद्यामागे टाकायचा आणि ६ पडला तरी १६ सांगायचा, हे अनेक जीएम करतात, चांगल्या हेतूने करतात. मला ते पटत नाही. लहानपणी ज्याला लिंबूटिंबू ठेवलं जायचं त्याच्यावर राज्य येत नसे, पण तो कधी जिंकतही नसे, आणि हे त्याला कळायचं. मोठ्या माणसांनाही कळतं. निदान पहिलं वर्षभर सगळे फासे टॉवेलवर, सगळ्यांसमोर टाका.

नियमावरून वाद झाला तर

वाद होणारच. दोन मिनिटं ऐका, मग निर्णय द्या, खेळ पुढे न्या. नियम खेळ संपल्यावर बघा. इथे तुमचा शब्द अखेरचा आहे आणि तो असायलाच हवा, कारण अर्धा तास पुस्तक चाळणारं टेबल थंड पडतं.

ही ओढाताण या खेळांहून जुनी आहे. १८२४ मध्ये राइसविट्झ या प्रशियन अधिकाऱ्याने सैन्यासाठी लढाईचा खेळ मांडला, त्यात फासे, कोष्टकं आणि पंच होता. १८७६ मध्ये फॉन व्हेर्डी द्यू व्हेर्नुआ यांनी सुचवलं की कोष्टकं बाजूला ठेवा, अनुभवी पंचाला ठरवू द्या, खेळ वेगाने चालेल. पंच आणि फासे वॉरगेममधून पुढे आले आणि १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये पंचाचा जीएम झाला. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मी नवख्यांना सांगते: कोष्टक येत नसेल तर अंदाजाने आकडा द्या, पण फाशाआधी द्या.

आपल्याकडे यात वयाची भर पडते. आमच्या टेबलावर सोसायटीतले एक निवृत्त काका येतात, त्यांचं वाचन माझ्याहून जास्त आहे. पंचवीस वर्षांच्या जीएमला त्यांना ‘नाही’ म्हणताना जीभ अडखळते. मी असं म्हणते: ‘काका, तुमचं बरोबर असेल. आत्ता १५ धरू, खेळ संपला की आपण दोघं पान उघडून बघू.’ आणि खरंच बघते. ते बरोबर निघाले तर पुढच्या वेळी सुरुवातीलाच सगळ्यांना सांगते. गोष्टीच्या आत मात्र पहारेकरी त्यांच्या पात्राला ‘काय रे ए’ म्हणतोच, आणि त्यांना ते आवडतं.

उठण्याआधी

फासे गोळा करताना प्रत्येकाला एक प्रश्न विचारा: आज कुठे वाटलं की तुझ्या करण्याने काही फरक पडला नाही? ‘मजा आली का’ विचारू नका, सगळे ‘हो’ म्हणतात. उत्तर वहीत लिहा, दिलेले निर्णयही लिहा. चार-पाच खेळांनंतर राज्य दुसऱ्याला द्या. समोर बसून ‘१५, आणि फसलं तर असं’ ऐकताना काय वाटतं, ते स्वतः ऐकल्याशिवाय कळत नाही.

गेल्या महिन्यात मावसभावाने पहिल्यांदा राज्य घेतलं. उच्छ्वासाच्या तोंडाशी मी होते. त्याने १५ सांगितले, फसलं तर काय तेही सांगितलं, आणि ‘उतरतेस का, ताई?’ म्हणून थांबला. मी उतरले. ११ पडला, वर ३, चौदा. एका आकड्याने गेलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, टॉवेलवरच्या फाशाकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘धप्प. वर मशाल थांबली आहे. काय करतेस?’